छान म्हणाल्याचे वडे

आमचं संशोधन केंद्र शहराबाहेर सड्यावर, उघड्या कातळमाळावर आहे. जांभ्याची बैठी इमारत, खाऱ्या वाऱ्याने गंजणारे एसी, आणि आत डॉक्टर, रसायनवाले, इंजिनिअर असे एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारे लोक. नुकतीच पीएच.डी. झालेल्या मुलामुलींना इथे आधार द्यायचा आणि त्यांना स्वतःच्या पायावर उभं करायचं, हे केंद्राचं काम. केंद्र चालवणं हे माझं. म्हणजे फ्रीझरचा कॉम्प्रेसर, जनरेटरचं डिझेल, दिल्लीला पाठवायचे खुलासे. प्रयोगाला हात लावून किती वर्षं झाली, हे मी मोजत नाही.

बाहेरच्या समितीसमोर कुणी जाण्याआधी आमच्याकडे तालीम होते. तिला आम्ही नारळ सोलणं म्हणतो. एकाने काम मांडायचं आणि बाकीच्यांनी त्यातलं कच्चं शोधायचं, दयामाया न करता. कौतुकाला बंदी. जो 'छान' म्हणेल त्याने सगळ्यांना वडे द्यायचे. नियम माझाच, आणि मी कधीच वडे दिले नव्हते.

यंदा पाळी होती लांज्याकडच्या एका मुलीची. फुरसं चावलेल्या माणसासाठी तिने कागदाची पट्टी बनवली होती. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकला की विष भिनलंय का, रक्त गोठणं बिघडलंय का, ते गावच्या आरोग्य केंद्रातच कळावं. समितीला पटलं तर तिला स्वतःचा गट आणि स्वतःची खोली मिळणार होती. नाही पटलं तर तिची मुदत संपत होती, आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या वडिलांनी तिथल्याच एका कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

ती बोलत होती आणि मी आमच्या डॉक्टरांकडे बघत होतो. गावच्या आरोग्य केंद्रातून निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे येतात आणि माझ्या बोलण्यात नेमाने डुलक्या घेतात. त्या दिवशी ते खुर्ची पुढे ओढून बसले होते.

"अगो, माझ्या नोकरीच्या वेळी कुठे होती ही पट्टी?" ते म्हणाले.

अशीच पट्टी तरुणपणी मीही करून बघितली होती. ती कुठे फसते, ते मला ठाऊक होतं. मुंबईत जन्म काढून, हृदयाचं दुखणं घेऊन गावी परतलेले कितीतरी लोक रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात. त्यांना काही चावलेलं नसलं तरी पट्टी विष दाखवते. त्यावर उपाय न सापडून मी ते काम सोडलं होतं. डॉक्टर इतके रंगले होते की त्यांच्याही ते ध्यानात आलं नाही.

माझी पाळी शेवटची. मी म्हणालो, "छान आहे."

हशा पिकला.

"सर, ताप आहे का तुम्हाला?"

"ताप असो नाहीतर काही," डॉक्टर म्हणाले, "वडे सोडायचे नाहीत."

वडे आले. मीही हसत खाल्ले. समितीपुढे तिने पडावं असं मला वाटत होतं, आणि त्यासाठी खोटंही बोलावं लागलं नव्हतं. पट्टी छानच होती. तिने मात्र वडा हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

पंधरवड्याने समिती आली. एका सदस्यबाईंनी नेमकं तेच विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांचं काय?" मी मान खाली घातली.

तिने पुढची स्लाइड लावली. दुसऱ्या एका हृदयरोगाच्या अभ्यासासाठी आमच्या फ्रीझरमध्ये जपलेले नमुने तिने डॉक्टरांच्या मदतीने रीतसर मिळवून तपासले होते. पट्टी तिथे चुकते, हे तिने आपणहून सांगितलं. मग ही चूक ओळखणारी दुसरी रेघ पट्टीवर कशी घालता येईल, तेही. ही रेघ मला कधी सुचली नव्हती.

खोली तिला मिळाली. चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. "सर, तुम्ही छान म्हणालात तेव्हाच मी घाबरले. म्हटलं, काहीतरी मोठं राहिलंय. डॉक्टरांकडे जाऊन बसले, ते सापडेपर्यंत उठले नाही. मुद्दाम म्हणालात ना?"

तिच्या चेहऱ्यावर उपकाराची भावना होती. 'हो' म्हणून टाकलं असतं तर मी मोठा झालो असतो.

"मुद्दामच," मी म्हणालो. "पण तुझ्या भल्यासाठी नाही. मला ठाऊक होतं आणि सांगायचं नव्हतं."

"का?"

"हेवा वाटला."

"बरं," ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

अजूनही ती तालमीला येते, माझ्याशी नीट बोलते. पण नवं काही सुचलं की आधी डॉक्टरांकडे जाते. माझ्या केबिनच्या काचेतून ती दोघं दिसतात, एका कागदावर वाकलेली. डॉक्टर टक्क जागे असतात. मी जनरेटरवाल्याचा फोन घेतो, त्याला हो-नाही सांगतो, आणि मान वर करून पुन्हा तिकडेच बघतो.