हॅरोतली निलगिरी

आमचे हे निवृत्त भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना झोपवलं आणि म्हातारपणी स्वतःची झोप घालवून बसले, तीही एका प्राण्यापायी. लेकीकडे सिडनीला गेलो होतो, तेव्हा जावयाने दिवेलागणीनंतर जवळच्या जंगलात नेऊन ग्रेटर ग्लायडर दाखवला. मांजराएवढा, गुबगुबीत, लांब शेपटीचा. कांगारूसारखी पोटाला पिल्लासाठी पिशवी. एका झाडावरून सुटला आणि तरंगत पार पलीकडच्या झाडावर गेला. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. लग्नातही एवढा घट्ट धरला नव्हता.

लंडनला, हॅरोतल्या आमच्या घरी परतल्यावर ह्यांनी मागच्या बागेत निलगिरीचं रोप लावलं. का, तर तो प्राणी निलगिरीचाच पाला खातो. प्राणी ऑस्ट्रेलियात आणि पाला आमच्याकडे. मी विचारलं, व्हिसासाठी त्याला क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसात कोण नेणार? हे हसले नाहीत.

मेलं ते रोप बघता बघता छपराच्या वर गेलं आणि माझ्या कुरडयांवर सावली धरायला लागलं. इथलं ऊन आधीच पाहुण्यासारखं येतं, तेही अडवलं तर वाळवण घालायचं कुठे? शेवटी वैतागून मी झाडं तोडणाऱ्या माणसाला बोलावलं. ह्यांनी वाद घातला नाही. बाग तुझीच आहे, एवढंच म्हणाले.

तो यायचा त्याच सकाळी लेकीचा फोन आला. आम्ही पाहिलेल्या जंगलातली जुनी झाडं लाकडासाठी तोडली होती. ग्लायडर राहतो तो जुन्या झाडांच्या ढोल्यांत. झाड गेलं की त्याचं घरच गेलं. बाजूचं रान तर आधीच वणव्यात होरपळलेलं. हे फोन ठेवून बागेत गेले आणि निलगिरीच्या बुंध्यावर हात फिरवत उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. करवत घेऊन आलेल्या त्या माणसाला मी चहा पाजला, माफी मागितली आणि परत पाठवलं. मग बागेत गेले.

"अहो, ह्याला ढोली पडायला किती वर्षं लागतील?"

"शंभरेक तरी."

"मग आत्ताच तोडून कसं चालेल?" मी म्हटलं. "जा, तुमची गाडी रस्त्यावर पार्क करा. कुरडया आता घरापुढच्या ड्राइव्हवेवर वाळतील."