दादाने जोर सोडला

माझा थोरला भाऊ अकरा वर्षं पगारी रग्बी खेळला आणि त्या अकरा वर्षांत त्याने गुण मिळवले फक्त दोनदा. त्यातल्या एका वेळी तर तो घसरून चेंडूवर पडला होता. आई टीव्हीसमोर बसून वैतागायची.

"अरे, तुझ्या हातात चेंडू कधी दिसतच नाही. मग तुला ठेवतात कशाला?"

"ढकलायला," दादा म्हणायचा.

खरंच, काम तेवढंच होतं. रग्बीत खेळ थांबला की तो पुन्हा सुरू करायला दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकतात, डोकी एकमेकांत अडकवतात आणि मधे टाकलेल्या चेंडूसाठी रेटारेटी करतात. त्याला म्हणतात स्क्रम. दादा पुढच्या रांगेत, कडेला. मागच्यांचा रेटा त्याच्या पाठीतून, खांद्यातून, मानेतून समोरच्याच्या अंगावर जायचा. संघातले त्याला 'ओंडका' म्हणत. त्याचे कान चेंगरून चेंगरून मुडपलेल्या भज्यासारखे झाले होते, आणि तयार शर्टाच्या कॉलरचं बटण त्याला लागत नसे. आई प्रत्येक शर्टाला मानेपाशी दोन बोटं कापड जोडायची आणि म्हणायची, "बैलाचं माप घेऊन बसलेय मी."

या खेळात तो आला तो जिन्यावरून. आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि अठराव्या वर्षापासून दादा त्यांच्या हाताखाली होता. आता लिफ्ट बंद असते म्हणूनच तर दुरुस्तीला बोलावतात, त्यामुळे मोटार वर न्यायची ती जिन्याने. अशीच एक मोटार खांद्यावर घेऊन तो आठव्या मजल्यावर पोचला तेव्हा दार उघडून एक गृहस्थ बाहेर आले. ते एका रग्बी क्लबचे ट्रेनर निघाले. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला धाप कशी लागली नाही?"

"लागली होती," दादा म्हणाला, "पाचव्या मजल्यावर. मग गेली."

ट्रेनरनी त्याला पगारावर खेळायला बोलावलं. बाबांना ते पटलं नाही. "माणसं ढकलायचा पगार देतात? उद्या कंबर मोडली की लिफ्टवालेसुद्धा उभं करणार नाहीत." पण दादा गेला. पहिली दोन वर्षं राखीव बाकावर बसला. मग पुढच्या रांगेतल्या एका जुन्या खेळाडूचा गुडघा गेला आणि दादाला जागा मिळाली. त्याच माणसाने लंगडत येऊन त्याला शिकवलं की स्क्रममधे नुसती ताकद लावणारा लवकर संपतो. समोरच्याचा श्वास तुझ्या गालाला लागतो, त्याचा खांदा तुझ्या खांद्याला असतो. तो कधी दमला, कधी लबाडी करतोय, कधी खरंच मोडतोय, हे अंगाला कळलं पाहिजे. दादाच्या अंगाला ते कळू लागलं. पुढची नऊ वर्षं त्याची जागा कुणी घेतली नाही.

मग तो सामना आला. मोसमातला शेवटचा. जिंकलो तर क्लब वरच्या गटात राहणार, हरलो तर खालच्या. शेवटचं मिनिट चालू होतं, आमचा संघ दोन गुणांनी मागे, आणि ज्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की गुण मिळतात त्या समोरच्यांच्या रेषेपासून पाच मीटरवर स्क्रम, चेंडू टाकायची पाळी आमची. मी गॅलरीत उभी होते. स्क्रम पुढे सरकू लागला तसं सगळं मैदान उठलं. चार पावलं, फार तर पाच. आणि अचानक दादाचे गुडघे वाकले, तो खाली बसला आणि सगळा डोलारा त्याच्यावर कोसळला.

शिट्टी वाजली. रेफरीचा हात आमच्या विरुद्ध वर गेला: दादाने मुद्दाम स्क्रम पाडला. समोरच्यांनी चेंडू बाहेर मारला आणि सामना संपला.

दादासमोर खेळणारा गडी गवतावर पडून होता. डॉक्टर धावले. चार मिनिटांनी तो उठला, मान चोळली आणि चालत बाहेर गेला. टीव्हीवरचा समालोचक म्हणाला, "ओंडक्याला वाळवी लागली."

खेळाडूंच्या खोलीत कोचने दरवाजा लावून घेतला आणि विचारलं, "काय झालं?"

"त्याची मान अडकली होती. कट्ट झालं, मग त्याचं अंग सैल पडलं. 'मान, मान' म्हणाला तो. मी ओरडलो, पण कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी जोर सोडला."

"तो चालत गेला बाहेर. आमच्या डोळ्यांदेखत."

दादाने बुटांच्या नाड्या सोडल्या. त्याच आठवड्यात त्याला सांगण्यात आलं की पुढच्या मोसमात तुझी गरज नाही. बत्तीस वर्षांचा होता तो.

तो आमच्या घरी, आई-बाबांकडे येऊन राहिला. मी आणि दादाने त्या सामन्याची चित्रफीत लावली. थांबवून, मागे घेऊन, हळू करून पाहिली. दिसतात काय, तर सोळा पाठी. त्यांच्या आत काय चाललंय ते कॅमेऱ्याला काय कळणार!

"दादा, त्या माणसालाच फोन कर ना," मी म्हटलं. "विचार सरळ."

"विचारून काय करू? हो म्हणाला तर मी देवमाणूस, नाही म्हणाला तर खुळा. मला दोन्ही नको आहे."

"आणि त्याने सोंग केलं असेल तर?"

"असेलही. नऊ वर्षांत मला फसवणारे दोघे-तिघे भेटले. पण ताई, तिथे विचार करायला अर्धा सेकंद असतो. त्या अर्ध्या सेकंदात तो सोंग करतोय असं धरून मी ढकललं असतं, आणि तो उठलाच नसता, तर?" मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण फार गंभीर झाला की तो मला ताई म्हणतो.

बाबांनी एवढंच विचारलं, "तुझी मान ठीक आहे ना?" आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेऊन गेले.

दीड महिन्याने फोन आला तो त्या सामन्याच्या रेफरीचा. दादा खोलीभर फेऱ्या मारत ऐकत होता. रेफरी म्हणाला, "मी पलीकडच्या बाजूला उभा होतो. फिल्म वीस वेळा पाहिली. माझा निर्णय बरोबर होता की चूक, हे मला अजून कळत नाही. तुम्ही आत होतात. मला समजावून सांगाल?"

दादाला बोलून समजावता येईना. तो म्हणाला, "मैदानावर या. दहा-बारा जण घेऊन या."

ते आले त्या सकाळी दादाने रेफरींनाच वाकायला लावलं. ढेरपोटे, चष्मेवाले, एक शाळामास्तर, एक दातांच्या डॉक्टरीणबाई. सगळे एकमेकांत अडकले, रेटले, पडले आणि धडपडत उठले. मग डॉक्टरीणबाई कानातली माती काढत म्हणाल्या, "आम्ही बाहेरून शिट्ट्या वाजवतो त्या कशाच्या जोरावर?"

आज सहा वर्षं दादा तेच करतोय. दर मोसमाआधी नवे रेफरी त्याच्याकडे येतात. कुठे उभं राहायचं, कुणाच्या पायांकडे पाहायचं, कुठला आवाज आला की आधी शिट्टी आणि मग विचार, हे तो त्यांना अंगावर घेऊन शिकवतो. मागच्या महिन्यात मी बघायला गेले होते. पावणेसहा फुटी एक तरुण रेफरी त्याच्या खांद्याला खांदा लावून वाकला होता आणि दादा त्याला सांगत होता, "घाबरू नका. मी हळूहळू भार टाकतो. दुखलं की बोला, लाजू नका." तो बोलला तेव्हा दादाने लगेच भार काढला, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "छान. आता दुसऱ्या बाजूने."