मावसाजींची लाल झेंडी

चालत्या गाडीला घाबरणारी माणसं पुष्कळ असतात. उभ्या गाडीला घाबरणारे अख्ख्या छत्तीसगडात एकटे आमचे मावसाजी. म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मालगाडीवर गार्ड होते. रिटायर होऊन रायपूरच्या चौबे कॉलनीत घर बांधलं, तरी रेल्वे काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. घरचे चौघं बाजाराला निघाले तरी हे दारात घड्याळ काढून उभे. माझ्या लग्नात एक काका कमी भरले म्हणून अख्खी वरात यांनी थांबवली आणि मला भर उन्हात अर्धा तास घोडीवर शिजत ठेवलं. काका पानठेल्यावर सापडले. मावशी म्हणायची, "लगन माझ्याशी लावलं, अन् संसार रेल्वेशी करून राहिले."

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि कालपर्यंत सायकलच्या घंटीवर चालणारं आमचं गाव एकाएकी सायरनवर चालू लागलं. जो उठला तो मोठा माणूस, आणि मोठा माणूस म्हटला की मोठी गाडी आलीच. आमचा मावसभाऊ दिलीप सरकारी इमारतींना सिमेंट पुरवायचा, तो मागे कसा राहील? त्यानेही आणली. पांढरीशुभ्र, दहा माणसं गिळून ढेकर न देणारी. आत चढायला मावशीला स्टूल लागे, आणि बॉनेट इतकं उंच की मावसाजी समोर उभे राहिले तर फक्त टोपी दिसे. आम्ही पेढे खाल्ले. मावसाजींनी पेढा हातातच ठेवला आणि गाडीभोवती तीन चकरा मारल्या. मग मावशीला हाक मारली, बॉनेटसमोर पाट टाकून तिला बसवलं, मांडीवर मेथीची जुडी दिली आणि दिलीपला म्हणाले, "बस सीटवर. सांग, काय दिसते?"

"समोरचा कडुलिंब दिसते बाबा. किराणा दुकान दिसते."

"अन् तुही माय?"

"आई तर घरात असंल ना."

"अरे मेल्या," खालून आवाज आला, "मी इथंच मेथी निवडून राहिली!"

आम्ही पोट धरधरून हसलो. मावसाजी हसले नाहीत. "पाच फुटांवरची माय दिसत नाही याले," एवढंच म्हणाले आणि पेढा देवापुढे ठेवून आले.

दुसऱ्या दिवसापासून कायदा लागू झाला. रेल्वेच्या झेंड्या रेल्वेला परत गेल्या होत्या, म्हणून मावशीची दोन ब्लाउजपीसं कामी आली, एक लाल, एक हिरवं. (हिरवं तिच्या माहेरचं होतं, त्यावरून दोन दिवस घरात बोलणं बंद.) गाडी काढायची म्हणजे आधी शिट्टी. गल्लीत खेळणारी आठ पोरं-पोरी धावत येऊन व्हरांड्याच्या पायरीवर ओळीने बसत, मावसाजी मोजत, खाली वाकून चारही चाकांमागे बघत, आणि मग हिरवी झेंडी दाखवत गाडीच्या पुढे पुढे चालत तिला नाक्यापर्यंत नेत. तिथे सायकलवाले, भाजीवाल्या बाया, सगळे निघून जाईस्तोवर राजधानीतली ती बलाढ्य गाडी एका म्हाताऱ्याच्या मागे मुकाट उभी. पोरांना तर सणच होता. दिलीपला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई. "बाबा, लोग हँस रहे हैं," तो काच खाली करून म्हणे. मावसाजी म्हणत, "हव. हसू दे. हसनाऱ्याले काही होत नाही."

एका सकाळी मंत्रालयातल्या साहेबांनी दिलीपला दहाला बोलावलं होतं. मोठं काम होतं, वर्षभर त्याने त्यासाठी चपला झिजवल्या होत्या. हा पावणेदहालाच इंजिन सुरू करून तयार. मावसाजींनी शिट्टी फुंकली, पोरं बसली, मोजणी झाली. सात. पुन्हा मोजली. सातच. शेजारच्या दीदींची चार वर्षांची पोट्टी नव्हती. घरी असेल, दुसरं काय! पण मावसाजींनी लाल झेंडी काढली आणि बॉनेटसमोर उभे राहिले ते राहिलेच. दिलीपने हॉर्न दिला. मग हात न उचलता दिला. मावसाजी काहीतरी ओरडून सांगत होते, पण त्या भोंग्यात ऐकू कुणाला येणार? शेवटी दिलीप दार आपटून उतरला, झेंडी हिसकावायला पुढे आला, आणि त्याची नजर खाली गेली.

पोट्टी नंबरप्लेटला टेकून उकिडवी बसली होती. खडूने रस्त्यावर चूल काढत होती. तिला उचलायला मावसाजी वाकले असते, तर सीटवरून त्यांची टोपीही दिसली नसती. वर बघून म्हणाली, "भैया, चाय पियोगे?"

दिलीप तिच्यासमोर खालीच बसला. इस्त्रीचे कपडे, धूळ, कशाची शुद्ध नाही. त्या दिवशी तो मंत्रालयात गेला नाही. संध्याकाळपर्यंत बापाजवळ नुसता बसून होता.

मी ऑफिसमधून परस्पर तिकडे गेलो, तेव्हा मावसाजी व्हरांड्यात चहा पीत होते. मी म्हटलं, "मावसाजी, तुम्ही नसता तर आज काय झालं असतं! पण एवढी सावधगिरी तुम्हाला सुचते तरी कशी?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "बापू, गार्डचा डबा सगळ्यात शेवटी असते. समोर कोण आलं ते ड्रायव्हरले दिसते. मले दिसे ते मागून, गाडी निघून गेल्यावर, रुळावर पडलेलं. मंग उतरून चादर मीच टाकाची. किती टाकल्या ते मावशीलेही सांगितलं नाही." चहा निवला होता, तरी त्यांनी तो फुंकर घालून प्यायला. "एक डाव समोर उभं राहाचं होतं. बस."

दिलीप आत दाराशी उभा होता. त्याने ऐकलं. त्यानंतर त्याने हॉर्न वाजवल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मावसाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा त्या गल्लीत गेलो होतो. घरोघरी तसल्या दोन-दोन गाड्या, दिलीपच्या गाडीहूनही उंच. एकीच्याही पुढे कुणी चालत नाही, आणि अपघातही होत नाहीत म्हणे. होतील कसे? मी तासभर बसलो होतो. गल्लीत एकही पोर खेळायला उतरलं नाही.