पाहुण्यांना उठवणारी जर्मनबाई

पाहुण्याला घरी बोलवायचं, खुर्चीवर बसवायचं आणि मग गाण्यातून त्याचीच अब्रू काढायची, अशी बाई साऱ्या कतारात एकच होती, आणि ती आमच्या डोक्यावर राहायची. म्हणजे दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगीत, बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये. वय साठीच्या पुढे, केस नारळाच्या शेंडीसारखे, आणि आवाज ओल्या फळीवर रंधा अडकावा तसा. मी जन्मभर सुतारकाम केलं, निम्मं इथेच दोह्यात, तेव्हा हा आवाज मी ओळखतो. गाणी तीच रचायची, जर्मनमध्ये. गळ्यात अकॉर्डियनची पेटी अडकवून गुरुवारी संध्याकाळी ती हॉलमध्ये आपल्या देशाचे इंजिनियर जमवायची. एक बिचारा पार अल खोरहून गाडी हाकत यायचा आणि पहिल्याच गाण्यात स्वतःच्या टकलावर कडवं ऐकायचा.

खुर्च्या तिला कधी पुरल्या नाहीत. मग खाली येऊन हाक मारायची, "आजोबा, चेअर!" नातवंडं म्हणतात म्हणून तीही मला आजोबाच म्हणायची. माझ्या हातची सागवानी खुर्ची मी द्यायचो, पण तिच्यावर मीच बसणार या अटीवर. असा मी पहिल्या रांगेत पोचलो. जर्मन मला ओ की ठो कळत नाही. सून जर्मन कंपनीत नोकरीला आहे, ती शेजारी बसून अर्थ सांगायची, म्हणजे सासऱ्याला सांगण्यासारखा असेल तेवढा. एरवी कानापर्यंत लाल होऊन म्हणायची, "काही नाही बाबा, पावसाचं गाणं आहे." जर्मनीत पाऊस फार पडत असावा.

एक तरी माणूस रागाने उठून गेला पाहिजे, तरच कार्यक्रम झाला, असा बाईचा नेम. सगळे शेवटपर्यंत बसले तर पुढे दोन दिवस ती जिन्यात ओळखसुद्धा द्यायची नाही. "ऑल सिटिंग, साँग डेड," म्हणायची. एकदा एक मॅनेजर बायकोला तिथेच विसरून तरातरा निघून गेला, तेव्हा बाईने आमच्याकडे केक पाठवला होता.

माझी रीत नेमकी उलटी. मी मालवणकडचा. आमच्या दशावतारात दहीकाल्याचा प्रसाद हातावर पडेपर्यंत उठायचं नसतं, उठला तो देवाचा आणि नटाचा अपमान. बापाने शाळेत जेमतेम घातलं, पण हे पक्कं शिकवलं. मी ते बाईला एकदा सांगून बसलो आणि तिने मला उठवायचा विडाच उचलला. माझ्या मिशीवर गाणं, कवळीवर गाणं, गुडघ्यांवर तर दोन. शेवटी पेटी थांबवून ओरडायची, "आजोबा, यल्ला, गो होम!"

"नो."

"डाँकी!"

"सेम टु यू."

वर्षानुवर्षं हे चाललं. ना ती हरली, ना मी.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनला मायदेशी जायचं ठरलं. आवाज राहील की जाईल, डॉक्टर सांगेनात. जाण्याआधी तिने शेवटचा कार्यक्रम ठेवला. मी खुर्ची घेऊन वर गेलो तर हॉल गच्च, आणि सगळ्यांचे चेहरे बाराव्याला आल्यासारखे. बाईने टकलावर गायलं, तर टक्कलवाला डोळे पुसत टाळ्या वाजवू लागला. तो मॅनेजरही आला होता. त्याच्यावर तिने असं काही म्हटलं की सुनेने मला पावसाचंसुद्धा सांगितलं नाही. तो उठला. बाईचे डोळे चमकले. त्याने पुढे होऊन तिच्या हातात फूल दिलं.

बाई मटकन स्टुलावर बसली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ऑल सिटिंग, आजोबा." मग कवळीचं गाणं सुरू केलं, पण त्यात जीवच नव्हता.

मी उठलो. "गप रव गो! बंद कर ता रडगाणा! आमच्या गावची कोंबडी तुझ्यापेक्षा बरी गाता!" भाषा कुणाला कळली नाही, अर्थ सगळ्यांना कळला. सून "बाबा, बाबा" करत राहिली. मी माझी खुर्ची उचलली आणि दार आपटून बाहेर पडलो.

 आत बाई हसली, पेटी दणदणली, आणि ओल्या फळीवरचा तो रंधा असा सुटला की जिना घुमला. मी लिफ्टसमोर खुर्ची मांडली आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत तिथेच बसलो. मग दार उघडून बाई बाहेर आली, घामाने निथळलेली. "आजोबा! यू वेंट! आय विन!"

"नो," मी म्हटलं. "ओन्ली चेअर शिफ्टिंग."

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. वरच्या फ्लॅटमध्ये आता नाशिकचं कुटुंब आलं आहे. माणसं चांगली, पण फारच शांत. गुरुवारी संध्याकाळी सून फोन लावून देते, त्यात बाई दिसते. पेटी वाजते, ओठ हलतात, शब्द येत नाही. चाल ओळखीची असते, त्यामुळे कवळीचं कडवं कुठे आलं ते मला कळतं. मी त्याच खुर्चीवर बसलेला असतो. तिने फोन ठेवल्याशिवाय उठत नाही.