नावेचा वेग पाच, प्रवाहाचा एक

"ही बघा, होडीवाल्याची पोर आपल्याला होडीचं गणित शिकवते!"

सरांनी माझी उत्तरपत्रिका उंच धरली. वर्ग हसला. मी उभी होते.

नववीची सहामाही. उदाहरण असं होतं: नाव प्रवाहाच्या दिशेने बारा किलोमीटर दोन तासांत जाते, तेच अंतर प्रवाहाविरुद्ध तीन तासांत परत येते. दोघांचे वेग काढा. मी नावेला x मानलं, प्रवाहाला y. x + y = ६. x − y = ४. नाव पाच, प्रवाह एक. उत्तर बरोबर होतं. पण खाली मी एक ओळ लिहिली होती: 'पाच तास प्रवाह एकसारखा राहणार नाही. नावेने पाणी फिरेपर्यंत थांबावे.'

मी अर्नाळ्याची. वाहतं पाणी म्हणजे मला ठाऊक होतं ते वैतरणेच्या मुखाचं. भरतीला आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. सदा एकाच दिशेने वाहणारी नदी मी पाहिलीच नव्हती.

सरांनी सगळ्या उदाहरणावर लाल रेघ मारली. शून्य. मी तीन गुणांनी नापास.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना बोलावलं. बीजगणित सोडून सोपं, सामान्य गणित घेण्याचा अर्ज भरून तयार होता. कोळीवाड्यातल्या दोघींचे आधीच गेले होते. ते घेतलं की पुढे विज्ञान शाखा बंद. हे मला माहीत होतं. बाबांना नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत सगळे बसलेले. बाबा उभे. सरांहून वयाने मोठे.

"सही कर इथे. तुमच्या पोरांमुळे शाळेचा निकाल खाली येतो."

बाबांनी माझा पेपर सावकाश वाचला. "सर, पानी एकसारखं नाय चालत. पोर खोटं नाय लिवत."

"मग उद्यापासून तूच ये शिकवायला. जाळं घेऊन ये."

चहाचे कप हातात धरून शिक्षक हसले. एक बाई तेवढ्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाबाही हसले. आणि सही केली.

मी म्हटलं, "माझं उत्तर बरोबर होतं."

"गप, बाय," बाबा म्हणाले.

दहावीनंतर बाबांनी विचारलं, "तुला नर्स व्हायचं होतं ना?" तेव्हा सांगावं लागलं. ते जेवणावरून उठले. मी कला शाखेला गेले. आता वाचनालयात पुस्तकं देते-घेते.

बाबा या श्रावणात गेले. शेवटच्या आठवड्यात म्हणाले, "तवा सही केली नसती तर?"

"काही फरक पडला नसता, बाबा."

मी खोटं बोलले. पडला असता. त्यांनाही ते कळलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

सर या महिन्यात निवृत्त होत आहेत. शाळेने स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या आहेत. एक पान, कृतज्ञतेचं.

हे माझं पान. याने माझं काही परत येणार नाही, बाबा तर नाहीतच. सरांनाही वाईट वाटेल असं मला वाटत नाही. तरी यातली एक ओळही गाळू नका. छापलं नाहीत तर मी समारंभाला येईन आणि सर व्यासपीठावर असताना हे सगळं वाचून दाखवीन. कुणी माईक बंद केला, तर माईकशिवाय.