एक कॅमेरा, चेहरा आणि कागद

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकराला माझ्या बायकोची ऑनलाइन चाचणी सुरू झाली आणि अकरा वाजून बारा मिनिटांनी ती थांबवण्यात आली. पुण्यातल्या एका संस्थेला मोडी लिपी शिकवणारं कुणीतरी हवं होतं. परीक्षक तिघे, पुण्यात. ती कोलकात्यात, आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलापाशी.

ती इतिहासाची शिक्षिका. मी वृत्तसंस्थेत, ऑफिस एस्प्लनेडला. माझ्या बदल्यांमुळे तिने नागपूर, भोपाळ आणि रायपूर इथल्या शाळा सोडल्या होत्या. कोलकात्यातल्या शाळा आधी विचारत, बंगाली येतं का. येत होतं, भाजी घेण्यापुरतं. ऑनलाइन वर्ग मिळाला असता, तर बदलीनंतरही टिकणारी तिची ती पहिली नोकरी ठरली असती. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

तयारी तिने स्वतः केली होती. वाकवता येणाऱ्या स्टँडवर एक वेबकॅम. स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन सीन, म्हणजे आलटूनपालटून दाखवायची दोन दृश्यं, एकाचं नाव ‘चेहरा’, दुसऱ्याचं ‘कागद’. बोलताना कॅमेरा स्वतःकडे, लिहिताना कागदावर. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहितात. ती रेघ पेन्सिलने ओढायची आणि कॅमेऱ्यात ती नीट उमटत नव्हती. म्हणून ‘कागद’मध्ये तिने कॅमेऱ्याला एक फिल्टर लावला. रंग गेला, काळं-पांढरं ठळक झालं, रेघ दिसू लागली. ‘चेहरा’ पुन्हा उघडून पाहायचं राहून गेलं.

चाचणीच्या वेळी नमस्कार करतानाच तिचा चेहरा काळा-पांढरा दिसला. डोळ्यांच्या जागी दोन डाग.

आमची मुलगी न्यू टाउनला आयटीत आहे. ती शाळेपासून इंग्रजीत शिकली, मराठी घरापुरतं. दारातून हळूच म्हणाली, “आई, तू एकदम आधार कार्डवाली दिसतेस.”

“गप्प बस,” बायको ओठ न हलवता म्हणाली.

तिने ‘चेहरा’मधला फिल्टर काढला. चेहऱ्यावर रंग आला. कॅमेरा कागदाकडे वळवला, तर रेघ गायब. फिल्टर पुन्हा लावला. रेघ आली, चेहरा गेला. असं तीनदा झालं. परीक्षकांतले वयस्कर गृहस्थ शेवटी म्हणाले, “बाई, तुमची मोडी उत्तम आहे, पण मुलांना ती दिसायला हवी. उद्या सकाळी दहाला पुन्हा बसू. त्यानंतर मात्र आम्हाला निर्णय घ्यावा लागेल.”

मुलगी म्हणाली, “सिंपल आहे ना. दुसरा कॅमेरा घे.”

“कुठून घेऊ? चांदनी मार्केट आज बंद.”

“ऑनलाइन?”

“मंगळवारी येईल. चाचणी सोमवारी.”

दुपारी तिने तोच कॅमेरा ‘कागद’मध्ये दुसऱ्यांदा, नवा म्हणून जोडून पाहिला. चौकट काळी राहिली. एका वेळी तो एकदाच उघडत होता. दोन्ही सीनमध्ये दिसणारा कॅमेरा एकच होता, त्यामुळे एकीकडे लावलेला फिल्टर दुसरीकडेही लागत होता.

मला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही. ऑफिसात जे चालतं तेच मी सांगितलं. “आमची एकच बातमी वीस पेपरांना जाते. कुणाला चार ओळी हव्या, कुणाला चाळीस. ज्याने त्याने आपापल्या पानावर कापायची. मूळ कॉपीला कुणी हात लावत नाही.”

“अहो, मला इथे पेपर नाही काढायचाय,” ती म्हणाली. मग माऊसवरचा हात थांबला. “म्हणजे मी मूळ कॉपीच कापतेय.”

तिने कॅमेऱ्यावरचा फिल्टर काढून टाकला. मग कॅमेऱ्याऐवजी ‘कागद’ या सीनच्या नावावर उजवी क्लिक केली. तिथेही फिल्टरचा पर्याय होता. काळं-पांढरं तिथे लावलं आणि ‘चेहरा’ उघडला. साडीचा मोरपंखी रंग जसाच्या तसा होता. ‘कागद’वर गेली, कॅमेरा वाकवला. रेघ ठळक.

“मम्मा, ग्रेट,” मुलगी म्हणाली.

“आई म्हण.”

‘चेहरा’ सीनला तिने थोडा उजेड वाढवणारा वेगळा फिल्टर लावला. मुलगी म्हणाली, आता पाच वर्षं कमी दिसतेस. बायकोने तो निम्म्यावर आणला. “संस्थेत गेले तर ओळखायला हवं त्यांनी.” त्या संध्याकाळी तिने दोन्ही सीन चाळीसेक वेळा आलटूनपालटून पाहिले. चहा मी केला.

सोमवारी चाचणी दहाला सुरू झाली आणि पावणेअकराला संपली. मी ऑफिसला उशिरा जाणार असल्याचं कळवलं होतं आणि स्वयंपाकघरात उभा होतो. तिने रेघ ओढली, खाली एक जुनं पत्र उतरवलं, कॅमेरा वर केला, प्रश्न विचारले. वयस्कर परीक्षकांनी एका अक्षरावर वाद घातला. तिने तेच अक्षर तीन वेगवेगळ्या वळणांनी लिहून दाखवलं. “हं,” ते म्हणाले, “हे तिसरं मी पाहिलं नव्हतं.”

गुरुवारी मेल आला. रविवारची तुकडी तिला मिळाली, विद्यार्थी एकोणीस.

जूनमध्ये माझी बदली गुवाहाटीला झाली. सामान शुक्रवारी पोचलं. रविवारचा वर्ग तिने तिथून घेतला. तो दहाला सुरू झाला आणि सतरा जण हजर होते.