म्हाईची सुट्टी

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी बावीस वर्षं टाइमकीपर होतो. कामगारांची हजेरी भरणं हे माझं काम. ती फार भरू न देणं हेही माझंच काम, पण ते नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं.

कायदा सोपा आहे. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेल्या कामगाराला कमी केलं, तर सेवेच्या वर्षांप्रमाणे भरपाई द्यावी लागते. कंपनीचा उपाय त्याहून सोपा. दोनशे चाळीस भरूच द्यायचे नाहीत. मध्येच माणूस घरी बसवायचा आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचा. याला आम्ही ब्रेक म्हणायचो.

साचे भरणारा एक जण होता, पन्हाळ्याकडचा. वयाने मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. तो दर चैत्रात माझ्या खिडकीशी यायचा.

"सायेब, म्हाई हाय. चार दिस सोडा की."

म्हाई म्हणजे गावची जत्रा. घरोघरी मटण शिजतं आणि त्या दिवशी पावणा उपाशी गेला तर घराची अब्रू जाते.

"चार कशाला, मामा? मशागत करा, पेरणी उरका, मग या. अडीच महिने घ्या."

हे अडीच महिने मी कॅलेंडर समोर ठेवून काढले होते. रविवार आणि सणवार वजा केले की उरलेले दिवस दोनशे एकोणचाळीस होत.

"एवढी इथं सही करा," मी म्हणायचो. मामाला सहीपुरतं लिहिता येत होतं. कागदावर असे, 'घरगुती कारणास्तव मी स्वखुशीने काम सोडत आहे.' अक्षर माझं. शाळेत या अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

मामाला हे उपकार वाटायचे. तो मला म्हाईला बोलवायचा आणि मी जायचो. घोंगडं अंथरून मला मधोमध बसवायचा.

"पावणं, ह्ये आमचं सायेब. चार दिस मागितलं की अडीच म्हैनं देत्यात."

एकदा त्याचा व्याही म्हणाला, "आमच्या लेकाचा सायेब मयताला बी सुट्टी देत न्हाय. चिकटवा की त्याला तुमच्यात."

"बघू," म्हणून मी आणखी रस्सा घेतला.

मग साचे भरायचं खातं बंद झालं आणि मामाला कमी केलं. मामाची सेवा अकरा वर्षं. कागदावर मात्र ती अकरा नव्या माणसांची होती आणि त्यातल्या एकाचंही वर्ष भरलेलं नव्हतं. मामाने लेबर ऑफिसात तक्रार केली. कंपनीने मला पाठवलं.

तिथल्या साहेबाने कागद चाळले. "दर चैत्रात राजीनामा देता?"

"राजीनामा कशाला दिऊ? म्हाईची सुट्टी ती. ह्यास्नी इचारा की." मामाने माझ्याकडे बोट केलं. अगदी भरवशाने.

साहेबाने मला विचारलं, "सही घेण्याआधी वाचून दाखवायचात?"

मी म्हणालो, "हो. दरवेळी."

प्रकरण कोर्टात गेलं. पुढच्या चैत्रात म्हाईचं बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

यंदा मी नोकरी सोडली. स्वखुशीने, खरोखरच. म्हाईला बोलावणं नसताना गेलो. मामा "या" म्हणाला. ताट आलं. मी म्हणालो, "मामा, आधी एक वाचायचंय." खिशातून त्याच्या राजीनाम्याची झेरॉक्स काढली आणि वाचली. दीड ओळ. वेळ लागत नाही.

"अकराच्या अकरा आसंच?"

"असंच."

"आन तितं म्हनालासा, दरवेळी वाचलं."

"म्हणालो."

आतून मामी ओरडली, "भाकरी गार व्हाय लागल्यात की!"

"सोमवारी तारीख हाय," मामा म्हणाला. "जजासमोर ह्ये म्हनशीला?"

"म्हणेन."

"मग तितं म्हनल्यावर जेवाय या." त्याने माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत नेलं.

परतीच्या एसटीत सगळे ढेकर देत होते.

सोमवारी मी कोर्टात ते सांगितलं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "खोटं तेव्हा बोललात की आता?"

"तेव्हा," मी म्हणालो.

मामा मागच्या बाकावर होता. निकाल लागायचा आहे, बोलावणंही यायचं आहे. तोवर मी घरीच जेवतो.